ड्रोनची थरथर पुन्हा पुन्हा का येते: आधी पाती तपासा, मग पिशवी

पातं बदललं, दोन-चार उड्डाणं छान झाली आणि परत तीच थरथर. लहान ड्रोनच्या बाबतीत ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की हल्ली ड्रोन हातात घेण्याआधीच विचारतो, "आणलात कशात?" समोरचा गोंधळतो. त्याला वाटतं मी पत्ता विचारतोय, आणि मला बघायची असते पिशवी. दुखणं उडताना दिसत असलं तरी बऱ्याचदा ते जडलेलं असतं दोन उड्डाणांच्या मधल्या दिवसांत, चेन लावून बंद केलेल्या पिशवीत.

हे लिहिलंय ते २५० ग्रॅमच्या आगेमागे वजन असलेल्या घडीच्या कॅमेरा ड्रोनसाठी, आणि ३ ते ५ इंची प्रोपेलरवाल्या एफपीव्ही ड्रोनसाठी, म्हणजे डोळ्यांवर चष्मा लावून ड्रोनच्याच कॅमेऱ्यातून बघत उडवतात त्यांच्यासाठी. फवारणीचे वगैरे मोठे ड्रोन हे वेगळं प्रकरण आहे, त्यांना यातलं सगळं लागू पडणार नाही.

लक्षणं

सगळ्यात आधी बदलतो तो आवाज. रोजच्या एकसुरी गुणगुणण्यात एक वेगळा सूर घुसतो, कधी शिट्टीसारखा, कधी घरघर. रोज उडवणाऱ्याला तो लगेच कळतो. महिन्यातून एकदा उडवणाऱ्यासाठी साधा उपाय म्हणजे ड्रोन नवा असतानाच एकदा हॉवरचा, म्हणजे हवेत एका जागी थांबलेला असतानाचा, आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवणं.

दुसरं लक्षण व्हिडिओत दिसतं. सरळ खांब नागमोडी होतो, इमारतीच्या कडा जेलीसारख्या हलतात. म्हणूनच याला जेलो म्हणतात. लहान ड्रोनचा कॅमेरा अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही, एकेक ओळ करत वरून खाली वाचतो. तेवढ्यात कॅमेरा हलला की प्रत्येक ओळ थोडी सरकून पडते. गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा, हळू हेलकावे शोषून घेतो, पण सेकंदाला शंभर-दीडशे वेळा होणारी बारीक थरथर त्याच्या आवाक्यात नसते.

बाकीची लक्षणं अशी:
- उतरल्यावर एकच मोटर बाकीच्या तिघींपेक्षा गरम लागते.
- वारा नसताना ड्रोन जागेवर अस्वस्थ राहतो, बारीक झटके देतो.
- नेहमीपेक्षा लवकर बॅटरी संपते.
- स्क्रीनवर मोटरवर जास्त भार असल्याचा किंवा मोटरच्या वेगाचा इशारा येतो.
- उड्डाण घेतानाच ड्रोन एका बाजूला कलतो किंवा थेट उलटतो.

यात दोन गोष्टी मोजू नका. ड्रोन सरळ खाली उतरवताना डगमगला तर तो स्वतःच्याच खाली ढकललेल्या हवेत उतरतोय, थोडा तिरका उतरवा, डगमग थांबेल. आणि हॉवरमध्ये तो मोठमोठी वर्तुळं घेत फिरत असेल तर ते बहुधा कंपासचं दुखणं आहे. पाती बदलून ते जाणार नाही.

एवढ्याशा टवक्याने एवढं काय होतं?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, म्हणून एकदा हिशोब मांडतो. समजा पात्याच्या टोकाजवळ, मध्यापासून ५ सेंटिमीटरवर, ०.०५ ग्रॅमचा टवका उडालाय. मोटर मिनिटाला १०,००० फेरे घेतेय. त्या हरवलेल्या ०.०५ ग्रॅममुळे मोटरच्या आसाला बसणारी ओढ होते सुमारे २.७ न्यूटन, म्हणजे जवळजवळ २८० ग्रॅम वजनाएवढी. तुमचा अख्खा ड्रोन २४९ ग्रॅमचा! आणि ही ओढ एका दिशेने नाही, सेकंदाला १६६ वेळा सगळीकडे फिरते. फेऱ्यांचा वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेणाऱ्या एफपीव्ही ड्रोनची मोटर बेअरिंग का खाते, ते यातून कळावं.

ही थरथर फ्लाइट कंट्रोलरच्या, म्हणजे ड्रोनच्या मेंदूच्या, जायरोपर्यंतही (हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरपर्यंत) पोहोचते. त्याला वाटतं ड्रोन खरंच हलतोय. तो सावरायला मोटरींना सेकंदाला शेकडो वेळा सूचना देत राहतो, मोटरी तापतात, बॅटरी उतरते. थरथर मात्र तिथेच.

सुरुवात करण्यापूर्वी

बॅटरी काढा. नुसती बटणाने बंद करू नका, बाहेर काढून बाजूला ठेवा. मिनिटाला २५,००० फेरे घेणाऱ्या ५ इंची प्रोपेलरचं टोक ताशी सुमारे ६०० किलोमीटर वेगाने फिरत असतं. बोटाची नखं गमावलेली माणसं मला माहीत आहेत आणि त्यातल्या प्रत्येकाने "फक्त एकदा बघत होतो" असंच सांगितलंय.

तपासण्या खाली स्वस्त ते महाग अशा क्रमाने आहेत. पहिल्या सहांना पैसे लागत नाहीत. क्रम मोडून थेट मोटर बदलणारे भेटतात, आणि त्यांची जुनी मोटर बऱ्याचदा चांगली निघते.

१. पुसा

हसू नका. धूळ, चिरडलेले किडे, गवताचा वाळलेला रस हे सगळं हवा कापणाऱ्या कडेवर बसतं. ती कड खरखरीत झाली की पात्याची उचल घटते आणि चिकटलेल्या घाणीचं वजन एकाच बाजूला असेल तर तोलही जातो. वरचा टवक्याचा हिशोब इथेही तसाच लागू आहे.

कोमट पाणी, दोन थेंब साबण, मऊ कापड. पाती काढून पुसा, म्हणजे पाणी मोटरमध्ये जाणार नाही. खालची बाजू विसरू नका. पूर्ण वाळल्यावरच बसवा. समुद्राजवळ उडवलं असेल तर मिठाचा थर साध्या पाण्याने त्याच दिवशी धुवा. पाती सोसतील, पण तेच मीठ स्क्रूला आणि बेअरिंगला गंज चढवतं.

थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल यांपैकी काहीही लावू नका. बरीच लहान प्रोपेलर पॉलिकार्बोनेटची असतात आणि या द्रवांनी त्यावर केसासारख्या बारीक चिरा पडतात. पातं चकचकीत दिसतं आणि आठवड्याने मुळाशी तुटतं. स्क्रू सुटू नये म्हणून लावतात त्या थ्रेडलॉकरचंही तसंच आहे. धातूवर ते काम करतं, पॉलिकार्बोनेटला लागलं तर त्याला ठिसूळ करतं.

२. डोळे, नख आणि कापूस

पातं उजेडासमोर धरा. मग हवा कापणाऱ्या कडेवरून नख हळूच फिरवा, मुळापासून टोकाकडे. जिथे नख अडतं तिथे टवका आहे. डोळ्यांना न दिसणारी चीर शोधायला कापसाचा बोळा दोन्ही कडांवरून फिरवा. तंतू अडकून राहिला की तिथे चीर आहे. ही युक्ती मी भिंगापेक्षा जास्त वापरतो.

मग पातं अगदी थोडं वाकवा, बोटाच्या दाबाने. कुठे पांढरी रेघ उमटली, विशेषतः मुळाशी, तर तिथलं प्लॅस्टिक आतून थकलंय.

मुळाबद्दल मी कडक आहे. १ ग्रॅमचं पातं, त्याच्या वजनाचा मध्य आसापासून ३ सेंटिमीटरवर आणि मिनिटाला १०,००० फेरे असं धरलं तर ते पातं बाहेर खेचलं जातं सुमारे ३३ न्यूटनने, म्हणजे ३.३ किलोच्या ओढीने. ती सगळी ओढ मुळाशी एकवटते. म्हणून मुळाशी चीर किंवा पांढरी रेघ दिसली की ते पातं गेलं. सुपरग्लूने चिकटवायचा विचारही करू नका. ३.३ किलो वजन त्या चिकटवलेल्या जागेला टांगून, तिच्याखाली डोकं धरून उभे राहाल का?

टोकाचा टवका असेल तर? कॅमेरा ड्रोनवर तेही पातं टाकून द्या. एफपीव्हीवाले मागच्या कडेचे ओरखडे चालवून घेतात, वाकलेलं पॉलिकार्बोनेटचं पातं मैदानातच हाताने सरळ करून पुढचं उड्डाण घेतात. मीही घेतलंय. पण ते मोकळ्या मैदानात, आसपास माणूस नसताना. घरी आल्यावर ते पातं पुन्हा पिशवीत जात नाही.

३. पीळ आणि वाक

पातं न तुटता वाकलेलं असू शकतं, आणि वारंवार परत येणाऱ्या थरथरीचं हे सगळ्यात दुर्लक्षित कारण आहे. एकाच दिशेची दोन पाती एकावर एक ठेवा, एक शक्यतो नवं कोरं. मुळाशी दाबून धरा आणि टोकाकडे बघा. मध्ये फट दिसली, किंवा एकाची कड दुसरीच्या बाहेर डोकावली, तर एक पातं पिळलेलं आहे.

दुसरी पद्धत बसवलेल्या प्रोपेलरसाठी. पाती पूर्ण उघडा, एका टोकाशेजारी पेन्सिलीचं टोक जेमतेम न लागेल असं स्थिर ठेवा, उदाहरणार्थ पुस्तकांच्या थप्पीत खोचून. आता प्रोपेलर बोटाने सावकाश फिरवा. दुसरं टोकही त्याच उंचीवरून जायला हवं. मिलिमीटरभर वरखाली गेलं तरी दोन पाती हवेचे दोन वेगळे घास घेतायत. हे बिघडलेलं पातं तराजूवर बरोबर तोलात दिसेल, कारण वजन कुठे गेलेलंच नाही, फक्त आकार बिघडलाय. तोल करूनही थरथर न गेलेल्या ड्रोनमध्ये मला बहुतेकदा हेच सापडलंय.

४. स्क्रू, नट आणि अडकलेले केस

घडीच्या पात्यांचा स्क्रू फार घट्ट असला तर पातं फिरताना स्वतःहून सरळ बाहेर येत नाही, थोडं मागेच राहतं आणि तोल जातो. फार सैल असला तर पातं मुळाशी खुळखुळतं. हाताने हलवल्यावर पातं सहज वळावं, पण वरखाली डुगडुगू नये. स्क्रू काढलाच असेल तर अनेक उत्पादक नवीन पात्यांसोबत नवीन स्क्रू देतात तो वापरा. त्याच्या आट्यांवर लावलेला लेप एकदाच नीट धरतो.

५ इंची एफपीव्ही ड्रोनवर ५ मिलिमीटरचा आस आणि नायलॉनची चकती असलेला नट असतो. तो नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरायला लागला की त्यातलं नायलॉन झिजलंय, नट बदला. पण म्हणून जीव खाऊन आवळूही नका. हब, म्हणजे प्रोपेलरचा मधला भाग, चिरडला की त्यातून चिरा निघतात, आणि त्या नटाखाली असल्याने दिसत नाहीत.

स्क्रू हरवला म्हणून हाताशी असलेला दुसरा लावताना लांबी बघा. लांब स्क्रू मोटरच्या आत जाऊन तांब्याच्या तारांना घासू शकतो. मग प्रश्न पात्याचा राहत नाही.

प्रोपेलर काढलेलाच आहे तर मोटरच्या आसाभोवती बघून घ्या. केस, दोरा, गवताची काडी तिथे गुंडाळलेली असते. चिमट्याने काढा. पाच सेकंदांचं काम, आणि दोनदा तरी माझा अख्खा शोध इथेच संपलाय.

५. बरोबर जागी, बरोबर तोंडाने

चार मोटरींपैकी समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या, म्हणजे कर्णावरच्या दोन मोटरी एकाच दिशेने फिरतात. उरलेल्या दोन उलट. पातीही दोन प्रकारची असतात, आणि त्यांवर तसं काहीतरी चिन्ह असतं: रंगीत कडी, रेघ किंवा अक्षर. मोटरीवर किंवा ती धरणाऱ्या दांड्यावर, म्हणजे आर्मवरही त्याच्याशी जुळणारी खूण असते.

चुकीच्या दिशेचा प्रोपेलर बसवला तर ड्रोन उड्डाण घेतानाच उलटतो, कारण तो कोपरा खाली ढकलला जातो. ही चूक निदान लपत नाही. लपते ती दुसरी: प्रोपेलर बरोबर, पण पालथा बसवलेला. तो उचल देतो, फक्त कमी. ड्रोन उडतो, त्या कोपऱ्यातली मोटर जास्त फिरते, तापते, कुरकुरते, आणि मालक मोटरला दोष देतो. एफपीव्ही प्रोपेलरवर कोरलेले आकडे नेहमी वर, आकाशाकडे यायला हवेत.

आकड्यांवरून आठवलं. ५०४३ असं लिहिलं असेल तर व्यास ५ इंच आणि पिच ४.३ इंच. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रोपेलर घन पदार्थात स्क्रूसारखा जितका पुढे सरकला असता ते अंतर. चार कोपऱ्यांवर चार वेगळे आकडे लावून उडवणारे महाभाग मी पाहिलेत. चारही एकाच प्रकारचे हवेत. एकाच मोटरवरची दोन पातीही एकाच जोडीची, एकाच वेळी बदललेली. एक जुनं आणि एक नवं, हे काटकसर वाटतं आणि बेअरिंगच्या खर्चात परत जातं.

एफपीव्हीमध्ये आणखी एक: बीटाफ्लाइट या फ्लाइट कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये फिरण्याची दिशा 'आत' आहे की 'बाहेर' हे सेटिंग आणि प्रत्यक्ष लावलेले प्रोपेलर जुळायला हवेत. दुसऱ्याकडून घेतलेल्या ड्रोनवर हे आधी बघा.

६. अदलाबदल

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर आता खरा निवाडा. संशयित कोपऱ्यातला प्रोपेलर काढा आणि कर्णावरच्या समोरच्या मोटरवर लावा, तिथला इकडे आणा. दोन्ही एकाच दिशेचे असल्यामुळे हे चालतं. शेजारच्या मोटरवर लावू नका, ड्रोन उलटेल.

मोकळ्या जागी मीटर-दीड मीटर उंचीवर दोन मिनिटं हॉवर करा. उतरवा, बॅटरी काढा, पाती थांबल्याची खात्री करा आणि चारही मोटरींना बोट लावा. गरमपणा आणि आवाज प्रोपेलरसोबत नव्या कोपऱ्यात गेला असेल तर दोष प्रोपेलरचा. जुन्याच कोपऱ्यात राहिला तर मोटरचा किंवा आर्मचा. बोट टेकवता येत नाही इतकी एखादी मोटर तापली असेल तर पुढचं उड्डाण नाहीच.

ही एक तपासणी लोक का टाळतात ते मला आजवर समजलेलं नाही. खर्च शून्य, वेळ दहा मिनिटं, आणि प्रोपेलर की मोटर हा वाद कायमचा मिटतो.

७. प्रोपेलरशिवाय मोटर

एफपीव्ही ड्रोनचे सगळे प्रोपेलर काढा, सगळे म्हणजे चारही, आणि संगणकावरून एकेक मोटर कमी वेगात फिरवा. एकीचा आवाज खरखरीत असेल तर बेअरिंग. फिरताना मोटरची वरची वाटी डगमगताना दिसली तर आस वाकलाय.

कॅमेरा ड्रोनमध्ये बहुधा ही सोय नसते. तिथे बॅटरी काढून मोटर बोटाने फिरवा. आतल्या चुंबकांमुळे ठरावीक अंतरावर हलके टप्पे जाणवतील, ते तसेच असतात. वाळू घासल्यासारखं जाणवलं, किंवा एका मोटरचा टप्पा बाकीच्यांपेक्षा जड लागला, तर तिथे गडबड आहे. बारीक वाळू आत गेली असेल तर फुंकणीने हवा मारून बघा. तेल ओतू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते.

८. तोल

चुंबकावर तरंगणारा आस असलेला बॅलन्सर मिळतो. त्यावर प्रोपेलर आडवा ठेवायचा. एक बाजू खाली गेली की ती जड, समोरच्या हलक्या पात्यावर पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा लावायचा आणि पुन्हा बघायचं. आडवा स्थिर राहिला की मग उभा करून बघा, कारण हबही एका बाजूला जड असू शकतो.

खरं सांगायचं तर ५ इंचांपर्यंतच्या प्लॅस्टिक प्रोपेलरसाठी मी आता हे करत नाही. साच्यातून निघालेले चांगले प्रोपेलर पुरेसे तोलात असतात आणि आपटल्यावर बिघडलेला तोल हे बहुधा चिरेचंच लक्षण असतं. चिरलेल्या पात्याला चिकटपट्टी लावून तोलात आणणं म्हणजे ताप उतरवून न्यूमोनिया लपवणं. मोठ्या आणि कार्बन फायबरच्या प्रोपेलरसाठी बॅलन्सर जरूर घ्या. फक्त कार्बन कोरडा घासू नका, त्याची भुकटी फुफ्फुसांना आणि कातडीला त्रास देते.

इथे थांबा

पुढची कुठलीही गोष्ट आढळली तर हत्यारं खाली ठेवा आणि जाणकार दुरुस्तीवाल्याकडे किंवा उत्पादकाच्या सेवा केंद्राकडे द्या:
- अदलाबदलीनंतरही थरथर त्याच कोपऱ्यात राहिली आणि ड्रोन घडीचा कॅमेरा ड्रोन आहे. त्याची मोटर आर्मसकट बदलावी लागते, तारा अगदी बारीक असतात आणि उघडल्यानंतर काही ड्रोनचं कॅलिब्रेशन करावं लागतं.
- आर्मला किंवा त्याच्या बिजागरीला तडा गेलाय.
- जळका वास आला, किंवा मोटर सुरू होताना अडखळते, झटके घेते. हा दोष मोटरला वीज देणाऱ्या ईएससीचा असू शकतो आणि हवेत ती मोटर बंद पडली तर चार प्रोपेलरचा ड्रोन सावरत नाही, पडतो.
- बॅटरी फुगली आहे. हिचा प्रोपेलरशी संबंध नाही, पण दिसली तर तिथेच थांबा. ती चार्ज करू नका, टोचू नका.
- चारही प्रोपेलर नवे, सगळे स्क्रू ठीक, तरी जेलो जात नाही. मग गिंबलचे रबर किंवा गिंबल स्वतः, आणि ते घरी उघडायचं काम नाही.

एफपीव्ही ड्रोन स्वतः बांधलेला असेल आणि सोल्डरिंग हाताला बसलेलं असेल तर मोटर बदलणं जमेल. बसलेलं नसेल तर उडवायच्या ड्रोनवर पहिला धडा गिरवू नका.

आता पिशवी

एक घडीचा ड्रोन माझ्याकडे तीनदा आला. तीनही वेळा मागचा उजवा कोपरा, तीनही वेळा नवी पाती लावल्यावर ठीक. तिसऱ्यांदा मी मालकाला म्हटलं, पिशवीसकट या आणि नेहमी भरता तशी भरून आणा. त्याने चेन उघडली आणि कारण समोर होतं. रिमोट उभा खोचलेला, त्याचा कोपरा नेमका मागच्या उजव्या पात्यावर टेकलेला. ड्रोन आठवड्यातून एकदा उडायचा आणि उरलेले सहा दिवस तो रिमोट त्या पात्याला दाबत बसायचा. एकदाही आपटला नव्हता.

प्लॅस्टिकला एकदम जोर दिला तर ते परत मूळ जागी येतं. पण तोच हलका दाब दिवसेंदिवस राहिला तर ते हळूहळू त्या आकाराला सरावतं आणि परत येत नाही. उष्णतेत हे वेगाने होतं. काही पाती नायलॉनची असतात. कोरडं नायलॉन सुमारे ५० अंश सेल्सियसपासून मऊ पडू लागतं आणि उन्हात बंद उभ्या गाडीचा आतला भाग ती पातळी सहज ओलांडतो. पॉलिकार्बोनेट यापेक्षा बरंच जास्त तापमान सोसतं, तरी दबलेल्या अवस्थेत उष्णता त्यालाही सोडत नाही. दाब आणि ऊन दोन्ही एकत्र आले की एका दुपारीही पातं पिळलं जाऊ शकतं.

मी साठवतो ते असं. घडीच्या ड्रोनची पाती उत्पादकाने सांगितलेल्या क्रमाने मिटायची आणि पात्यांचा पट्टा लावायचा. पट्टा नसेल तर मऊ कापडाची रुंद पट्टी, पण आवळायची नाही, नाहीतर पट्टाच तो रिमोट होतो. पिशवीत पात्यांवर काहीही टेकू द्यायचं नाही. कडक कवचाची, ड्रोनच्या आकाराचा खाच असलेली पेटी यासाठीच असते. ती नसेल तर फोम कापून करा.

एफपीव्हीचे प्रोपेलर प्रवासात काढून ठेवतो. सुटे प्रोपेलर कडक डब्यात, आडवे, एकाच प्रकारचे एकात एक बसवून, मधून एक काडी घालून. दोन दिशांचे दोन डबे, हबवर मार्करचा ठिपका. बॅटऱ्या, पाने, स्क्रू ड्रायव्हर यांच्यासोबत कधीच नाही. पान्याचं एक टोक हवा कापणाऱ्या कडेला लागलं की मैदानात जायच्या आधीच टवका तयार. डबा खिडकीत किंवा गाडीत ठेवायचा नाही, ऊन प्लॅस्टिकला वर्षभरात ठिसूळ करतं. ओलं पातं डब्यात बंद करायचं नाही. उलट, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांचा ढीगही नको. नायलॉनला थोडा ओलावा लागतो, अगदी कोरडं झालं की ते लवचीकपणा सोडून काचेसारखं तुटतं.

कडाक्याच्या थंडीत पाती अशीही ठिसूळ होतात. अशा दिवशी पहिलं मिनिट हळू उडवा. शून्याच्या आसपास धुकं असेल तर उडवूच नका, पात्यांवर बर्फाचा थर चढतो आणि तो चारही ठिकाणी सारखा चढत नाही.

आणि बाद केलेलं पातं. ते पिशवीत परत जातं, "अडीअडचणीला" म्हणून. तीन महिन्यांनी ते चांगल्यात मिसळतं, घाईत तेच हाताला लागतं, आणि थरथर परत. म्हणून मी बाद पातं तिथल्या तिथे कात्रीने मधोमध कापतो. कापलेलं पातं कोणी चुकूनही बसवत नाही.

दुरुस्तीनंतर पहिलं उड्डाण मी नेहमी एकाच पद्धतीने घेतो. माणसांपासून दूर, मीटरभर उंचीवर, मिनिटभर हॉवर, नजर ड्रोनवर आणि लक्ष आवाजाकडे. मग हळूच डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे. उतरवून बॅटरी काढतो, चारही मोटरींना बोट लावतो, पात्यांचे स्क्रू हाताने हलवून बघतो. त्या तिसऱ्या खेपेला मागची उजवी मोटर बाकीच्या तिघींइतकीच कोमट लागली. ड्रोन परत करण्याआधी मी पिशवीतला रिमोट दुसऱ्या कप्प्यात टाकला. तो ड्रोन त्यानंतर माझ्याकडे आलेला नाही.